वॉर्डात टीबी पसरू नये म्हणून: एका इन्चार्ज सिस्टरच्या वहीतून

२०११ सालच्या पावसाळ्यात आमच्या फिमेल सर्जिकल वॉर्डात एक बाई दाखल झाली. मधुमेह जुना, पायाची जखम चिघळलेली. रोज ड्रेसिंग, दोन वेळा इन्सुलिन. ती खोकायची, रात्री जास्त. आम्ही तिला खोकल्याचं औषध द्यायचो आणि म्हणायचो, पावसाचे दिवस आहेत. केसपेपरवर जखमेची लांबी-रुंदी होती, साखरेचे आकडे होते, खोकल्याबद्दल एक ओळ नव्हती. दहाव्या दिवशी ऑपरेशनआधी भुलीच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे मागितला. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला लिंबाएवढी पोकळी. बेडका तपासला, रिपोर्ट आला थ्री प्लस, म्हणजे टीबीचे जंतू भरपूर.

नऊ रात्री ती अठरा खाटांच्या वॉर्डात मधल्या रांगेत झोपली होती. पाऊस आत येतो म्हणून सगळ्या खिडक्या बंद होत्या.

त्या दिवाळीनंतर मला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. श्वास घेताना डाव्या कुशीत टोचायचं. छातीत पाणी झालं होतं, टीबीचंच. त्याच सुमारास आमच्याकडे जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, शिकणाऱ्या एका मुलीच्या मानेत गाठ आली. आम्हा दोघींना त्याच बाईकडून लागण झाली असं छातीठोकपणे नाही सांगता येणार, खोकणारे रुग्ण आमच्याकडे बारा महिने असतात. त्या बाईचा मला राग कधीच आला नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं काम माझं होतं.

तेव्हा सरकारी कार्यक्रमात गोळ्या दिवसाआड असायच्या. कोर्स पुरा केला, बरी झाले, ड्युटीवर परतले आणि रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचं काम मागून घेतलं. तेव्हापासून जे करून पाहिलं आणि त्यातलं जे टिकलं, ते इथे लिहिते आहे. सरकारी, पालिकेच्या किंवा धर्मादाय दवाखान्यात, हातात फारसा पैसा नसताना करता येईल असंच लिहिते आहे.

आधी कुणाला घाबरायचं ते ठरवा

नवीन मुली वॉर्डात येतात तेव्हा टीबीच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णापासून चार हात लांब राहतात. त्याचं ताट वेगळं, त्याचा ग्लास वेगळा, ताप बघायला जायचं तर मावशींना पुढे करायचं. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगते: ज्याला योग्य औषधं सुरू झाली आहेत त्याच्याकडून पसरणं काही दिवसांत झपाट्यानं कमी होतं. नेहमीच्या टीबीत आपण साधारण दोन आठवडे धरून चालतो. खरा धोका त्याच्यापासून आहे ज्याच्या टीबीची आपल्याला शंकाही आलेली नाही. तो हाड मोडलं म्हणून ऑर्थोत असेल, बाळंतपणाला आलेली असेल, नाहीतर केसपेपरच्या रांगेत उभा असेल. दुसरा धोका, ज्याचा टीबी औषधांना दाद न देणारा आहे आणि आपण त्याला साध्या गोळ्या देत बसलो आहोत.

हे कुठवर जाऊ शकतं ते दक्षिण आफ्रिकेनं पाहिलं आहे. क्वाझुलू-नाताल प्रांतात ट्युगेला फेरी नावाचं खेडं आहे. तिथल्या रुग्णालयात २००५-०६ मध्ये जवळपास सगळ्याच औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले. त्यातले ५२ दगावले, बहुतेक जण बेडका दिल्यापासून दोन-तीन आठवड्यांत. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी आयुष्यात टीबीची गोळी घेतलेली नव्हती. म्हणजे औषधं अर्धवट सोडल्यामुळे जंतू चिवट झाले असं त्यांच्या बाबतीत म्हणता येत नव्हतं. तो चिवट जंतू त्यांना दुसऱ्याकडून, आयताच मिळाला होता. दोन तृतीयांश जण त्याआधी कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन गेलेले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली ते सगळे बाधित होते. मेलेल्यांत रुग्णालयाचे दोन कर्मचारी होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तिथल्या वॉर्डाचं वर्णन आमच्या वॉर्डासारखंच होतं. लांबट खोली, शेजारी शेजारी खाटा.

टीबी हवेतून जातो. खोकताना, शिंकताना, मोठ्यानं बोलतानासुद्धा जे बारीक थेंब उडतात ते सुकून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. रुग्ण उठून गेला तरी ते तिथेच असतात. ताटातून, चादरीतून, संडासाच्या भांड्यातून, हात लावल्यानं टीबी होत नाही. म्हणून ताट वेगळं करण्यात घालवलेली मेहनत हवेवर घाला. वॉर्डात फवारे मारणं, धुरी देणं हेही टीबीसाठी उपयोगाचं नाही. रुग्ण पुढच्याच मिनिटाला परत खोकणार आहे.

केसपेपरच्या खिडकीवर एक प्रश्न

पहिलं काम वॉर्डात नाही, केसपेपरच्या खिडकीवर आहे. आम्ही एक रबरी शिक्का करून घेतला: "खोकला आहे / नाही. किती दिवस?" क्लार्क नाव, वय, गाव विचारतोच, त्यात एक प्रश्न वाढला. सुरुवातीला आमचे क्लार्कदादा वैतागले. म्हणाले, "सिस्टर, इथे चारशेची रांग असते." मी तीन दिवस त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि प्रश्न मीच विचारला. चौथ्या दिवशी ते आपणहून विचारू लागले. प्रश्नाला चार सेकंद लागतात हे त्यांनी स्वतःच पाहिलं होतं.

विचारायचं कसं यालाही महत्त्व आहे. "टीबी आहे का?" असं विचारलं की माणूस नाही म्हणतो. "किती दिवस खोकता?" विचारलं की खरं सांगतो. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, कपडे ढिले होणं, यातलं काहीही असेल तर त्या माणसाला लगेच साधा सर्जिकल मास्क द्यायचा आणि आत न बसवता बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसवायचं. त्याला रांगेत पुढे घ्यायचं. रांगेतले लोक कुरकुर करतात. आमच्या वॉर्डबॉय मामांनी त्याला एक साधं उत्तर शोधलं आहे: "त्यांना लवकर मोकळं केलं की तुमच्याजवळ कमी वेळ बसतील." लोकांना पटतं.

मास्क देताना काय बोलायचं तेही ठरवून ठेवा. "तुमच्यामुळे दुसऱ्याला होईल" असं म्हटलं तर माणूस खाली मान घालतो, पुढच्या वेळी खोकला लपवतो. आम्ही म्हणतो, "काका, खोकणाऱ्या सगळ्यांनाच देतोय, लावा." कोविडनंतर हे सोपं झालं आहे, त्याचा फायदा घ्या.

दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाला, तो कशासाठीही आलेला असो, वॉर्डात घेताना हेच परत विचारा. ऑर्थो, सर्जरी, गायनॅक, सगळीकडे. आमच्याकडे न ओळखलेले जास्तीत जास्त रुग्ण मेडिकल वॉर्डाबाहेरच सापडले आहेत.

बेडका: आजचा आज, आणि उघड्यावर

शंका आली की त्याच दिवशी बेडका जायला हवा. आमच्याकडे पूर्वी "उद्या सकाळी आणा" म्हणायची पद्धत होती, आणि उद्या सकाळी तो माणूस यायचा नाही. आता पहिला नमुना समोरच, लगेच. दुसरा सकाळचा.

कुठे द्यायचा? संडासात नाही, लॅबच्या बोळात नाही, वॉर्डाच्या कोपऱ्यात तर मुळीच नाही. आमच्या मागच्या आवारात कडुनिंबाचं झाड आहे, त्याखाली एक बाक, हात धुवायला नळ आणि झाकणाची बादली. तीच आमची बेडक्याची जागा. सिस्टरनं किंवा टेक्निशियननं वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, रुग्णाच्या तोंडासमोर नाही. सांगायचं असं: "चूळ भरा. दोनदा खोल श्वास घ्या. तिसऱ्यांदा छातीतून खाकरा. तोंडातली लाळ नको." नाव आणि नंबर डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. लॅबमध्ये झाकणं निघतात आणि अदलाबदल होते.

डबी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासणीच्या मशीनवर गेली पाहिजे. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागवू नका. या मशीनवर जंतू आहे का हे तर कळतंच, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही काही तासांत कळतं. ट्रूनॅट आपल्या गोव्यात तयार होतं, बॅटरीवर चालतं, म्हणून लोडशेडिंगच्या तालुक्यातही ते ठेवता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. रिपोर्ट कागदावर आला म्हणजे काम झालं असं नाही. तो कुणाच्या हातात आला आणि गोळी कधी सुरू झाली हे महत्त्वाचं. माझ्या वहीत चार रकाने आहेत: खोकला नोंदवल्याची तारीख, बेडका दिल्याची, रिपोर्टची, पहिल्या गोळीची. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत दोन दिवसांहून जास्त अंतर पडलं की मी एसटीएसना, म्हणजे टीबी कार्यक्रमाच्या उपचार पर्यवेक्षकांना, फोन लावते. ते अंतर म्हणजे तो माणूस औषधाविना वॉर्डात खोकत असलेले दिवस.

हवा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात स्वस्त इलाज हाच आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच.

पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, आठ रुग्णालयांतल्या सत्तर खोल्यांची हवा मोजली गेली. २००७ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या खिडक्या-दारं उघडली तर खोलीतली हवा तासाला सरासरी २८ वेळा बदलत होती. महागड्या यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांसाठी शिफारस असते १२ वेळांची. त्यातही जुन्या, १९५० च्या आधी बांधलेल्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत ४० वेळा, आणि नव्या बांधकामात १७ वेळा. आपल्याकडचंही चित्र वेगळं नाही. क्षयरोग्यांसाठी पाचगणीचं बेल-एअर १९१२ साली उभं राहिलं तेव्हा या रोगावर औषध नव्हतं, मोकळी हवा, विश्रांती आणि आहार एवढंच होतं. जुन्या दवाखान्यांचे उंच छताचे वॉर्ड आणि रुंद व्हरांडे पाडून आपण त्या जागी ठेंगण्या छताच्या, काचबंद इमारती बांधतो आहोत.

आपल्या खोलीत हवा किती खेळते हे बघायला एक उदबत्ती पुरते. मी रात्रपाळीत पहिल्यांदा हे केलं. अकरा वाजले होते, रुग्ण झोपले होते. ऑक्सिजन चालू नसलेला कोपरा बघून उदबत्ती पेटवली. हे आधी बघा, ऑक्सिजनजवळ आग नेऊ नका. दाराशी धरली, धूर आत गेला. मधल्या रांगेत धरली, तर धूर सरळ वर जाऊन पंख्याखाली गोल गोल फिरत राहिला, कुठे जाईचना. खिडकीशी धरली, तिथेही तसाच. खिडकी उघडली आणि समोरचं व्हरांड्याचं दार उघडलं, तसा तोच धूर आडवा झाला आणि सरळ बाहेर निघाला. मावशी शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, म्हणजे आपण इतके दिवस त्यांचा श्वासच घेत होतो." मी नंतर प्रशिक्षणांत कितीतरी तक्ते दाखवले, पण कर्मचाऱ्यांना पटतं ते उदबत्तीनंच.

नुसता पंखा हवा ढवळतो, बाहेर काढत नाही. हवा बाहेर जायला समोरासमोर दोन उघडी तोंडं लागतात. मोजायचं असेल तर टेप घ्या. भिंतीवर एक मीटरच्या खुणा करा, धूर तेवढं अंतर किती सेकंदांत कापतो ते बघा. दोन सेकंद लागले तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. मग हिशोब असा: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले समोरासमोरच्या दोन तोंडांपैकी लहान तोंडाचं क्षेत्रफळ, गुणिले ३६००, भागिले खोलीचं घनफळ.

आमच्या ओपीडीची एक खोली चार बाय तीन मीटर, उंची तीन, म्हणजे ३६ घनमीटर. खिडकी एक मीटर उंच, अर्धा मीटर उघडते. वेग अर्धा मीटर. उत्तर येतं १६ च्या थोडं वर, म्हणजे हवा तासाला सोळा वेळा बदलते. हीच खिडकी थंडीत दहा सेंटिमीटरच्या फटीइतकी ठेवली तर उत्तर येतं तीन. या दोन आकड्यांतला फरक असा समजून घ्या: सोळा वेळा बदलणाऱ्या खोलीत खोकणारा रुग्ण उठून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण सतरा-अठरा मिनिटांत निघून जातात, तीन वेळा बदलणाऱ्या खोलीत त्याला जवळजवळ दीड तास लागतो. दीड तासात त्या खुर्चीवर किती लोक येऊन बसतात ते तुम्हीच मोजा.

आता अडचणी. एक, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. दोन पल्ले असतात आणि कसंही केलं तरी अर्धीच उघडते. आम्ही प्रत्येक खिडकीचा एक पल्ला काढून गोदामात ठेवला आणि उरलेला पूर्ण बंद होऊ नये म्हणून मामांनी रुळात मध्यावर स्क्रू मारला. एवढ्यानं जे झालं ते दहा सूचनापत्रकांनी झालं नव्हतं. दोन, डासांची जाळी. धूळ आणि कबुतरांची पिसं बसून ती पुठ्ठ्यासारखी होते. महिन्यातून एकदा काढून नळाखाली धुवा. तीन, पाऊस. बाहेरून पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं छप्पर तिरकं बांधून घ्या, रोगी कल्याण समितीच्या निधीतून हे होतं. चार, एसी. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा गार करून परत देतो. एसी बसला की आधी खिडक्या बंद होतात. जिथे खोकणारे रुग्ण येतात तिथे एसी नको, हे मी सरांनाही स्पष्ट सांगते. एक्स-रेची खोली अंधारी आणि बंद असते, तिथे खोकणाऱ्या रुग्णाला यादीत शेवटी ठेवा आणि नंतर दार उघडं टाका.

आणि पाचवी अडचण रात्रीची. दिवसा आम्ही उघडलेल्या खिडक्या दहा वाजता नातेवाईक लावून घेतात. त्यांचं चुकत नाही. "सिस्टर, आईला गार वारं लागतंय." मी म्हणते, "दादा, आईची खाट मी आतल्या बाजूला घेते, कांबळं देते, कानाला स्कार्फ बांधा. खिडकी राहू द्या." जादा कांबळ्यांचं इंडेंट (मागणीपत्र) दसऱ्यालाच टाका, डिसेंबरात मिळत नाहीत. रात्री अकरा आणि पहाटे चारच्या राउंडला टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वासाच्या) तक्त्याबरोबर "खिडक्या" असा एक रकाना आम्ही ठेवला आहे. त्यात सही करावी लागते म्हणून बघितलं जातं.

कोण कुठे बसतं, कोण कुठे झोपतं

ओपीडीत टेबल फिरवायला पैसे लागत नाहीत. वारा आधी डॉक्टरांच्या पाठीवर यावा, मग रुग्णाकडे जावा, मग खिडकीबाहेर. बहुतेक ठिकाणी डॉक्टर खिडकीला टेकून बसलेले असतात आणि वारा रुग्णाकडून त्यांच्या तोंडावर. उदबत्ती लावा, दिशा बघा, टेबल फिरवा. सकाळी एका दिशेनं आणि दुपारी दुसऱ्या दिशेनं वारा असेल तर रुग्णाची खुर्ची बाजूला, भिंतीशी काटकोनात ठेवा.

वॉर्डात स्वतंत्र खोली असली तर उत्तम, बहुतेक ठिकाणी नसते. मग खोकणाऱ्या रुग्णाची खाट हवा जिथून बाहेर पडते त्या टोकाच्या खिडकीशी. मधुमेही, एचआयव्ही असलेले, डायलिसिसचे, केमोवरचे, लहान मुलं, बाळंतिणी यांच्या खाटा हवा जिथून आत येते त्या बाजूला. एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधं मिळतात ते) आणि टीबीची ओपीडी एकाच बोळात असेल तर निदान दिवस किंवा वेळ वेगळी करून घ्या. ट्युगेला फेरी लक्षात ठेवा.

नेब्युलायझर हा आमच्या कॅज्युअल्टीतला मोठा घोळ होता. दम लागलेला प्रत्येक माणूस आतल्या कोपऱ्यात नेब्युलायझर लावून बसायचा आणि वाफेबरोबर खोकायचा. आता ती जागा व्हरांड्यात, पडद्याआड आहे. सक्शन करताना, म्हणजे नळीनं कफ ओढून काढताना, मात्र बाहेर नेता येत नाही, तिथे एन-९५ घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

मास्क, थोडक्यात

रुग्णाला सर्जिकल मास्क, आपल्याला एन-९५. उलटं करू नका. सर्जिकल मास्क बाहेर जाणारं अडवतो. दक्षिण आफ्रिकेत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांनी तो लावला तेव्हा वॉर्डातली हवा सोडलेल्या गिनीपिगांना लागण होण्याचा धोका ५६ टक्क्यांनी घटला. पण तोच मास्क आपल्या नाकाच्या बाजूनं हवा आत सोडतो, पदर आणि रुमाल तर सोडूनच द्या.

एन-९५ च्या दोन दोऱ्या असतात, एक डोक्याच्या वर, एक मानेवर. दोन्ही मानेवर घेऊ नका. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, मग जोरात श्वास सोडा. गालाशी किंवा डोळ्यांकडे वारा लागला तर बसलेला नाही. दाढी असेल तर बसतच नाही, हे आमच्या ब्रदर्सना सांगावं लागतं. मास्क परत वापरायचा असेल तर नाव घातलेल्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, दमट होतो. धुवू नका, सॅनिटायझर मारू नका. ओला झाला, चुरगळला, दोरी सैल झाली की टाका.

आपली माणसं

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्या जणांच्या शरीरात टीबीचा जंतू शिरून गेल्याचं दिसलं. आजारी नव्हे, पण लागण झालेले. जगात दर चार टीबी रुग्णांमागे एक आपल्या देशातला आहे आणि तो शेवटी आपल्याच दवाखान्यात येतो. तेव्हा आपल्यात लागण जास्त असणारच.

म्हणून वर्षातून दोनदा आमच्याकडे सगळ्यांना प्रश्न विचारले जातात आणि वजन घेतलं जातं. डॉक्टर, सिस्टर, मामा, मावशी, सफाईवाले, सिक्युरिटीवाले, कंत्राटी असोत की कायम. कंत्राटी माणूस बहुधा यादीतच नसतो, आणि बेडक्याची बादली तोच उचलतो. गरोदर सिस्टर, मधुमेह असलेले, स्टिरॉइडवर असलेले यांची ड्युटी टीबी-मेडिकलमधून हलवायची आणि कारण चार लोकांत बोलायचं नाही.

मला झाला तेव्हा मी सात दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. सासरी काय वाटेल, ड्युटी रूममध्ये माझा कप वेगळा ठेवतील का, याची भीती होती. त्या शिकणाऱ्या मुलीच्या आईनं तर मला हात जोडून सांगितलं, "बाई, लग्नाचं बघतोय, नाव कुठे लिहू नका." नाव लिहावं लागतं, २०१२ पासून टीबीची नोंद बंधनकारक आहे. पण त्या नोंदीची चर्चा चहाच्या टेबलावर होणार नाही एवढं आपण नक्की करू शकतो. आमच्या समितीत नियम आहे: कर्मचाऱ्याचा रिपोर्ट एकट्या इन्चार्जच्या हातात, रजेच्या अर्जावर नुसतं "वैद्यकीय कारण", आणि परत आल्यावर जुनीच ड्युटी, जुनाच कप.

घरच्यांचंही बघा. रुग्णाबरोबर एकच नातेवाईक, पाच वर्षांखालचं मूल वॉर्डात नको. टीबी नक्की झाला की घरातल्या सगळ्यांची तपासणी, आणि ज्यांना आजार नाही त्यांना प्रतिबंधक औषध. आता आठवड्याला एकदा असे बारा डोस घ्यायची सोय आहे, सहा महिने रोज गोळी घेण्यापेक्षा लोक हे पुरं करतात. दाखल असतानाच एसटीएसशी गाठ घालून द्या. डिस्चार्जनंतर सांगू म्हटलं की राहून जातं.

सुरुवात

हे सगळं एका महिन्यात होत नाही. आमच्याकडे शिक्का पहिल्या आठवड्यात आला, खिडक्यांचे पल्ले निघायला आठ महिने लागले, कारण ती बांधकाम खात्याची मालमत्ता होती. मी तीनदा अर्ज केला. पहिल्या दोन अर्जांत "हवा खेळती राहत नाही" असं लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. तिसऱ्या अर्जात लिहिलं: खोली क्रमांक, घनफळ, खिडकी आत्ता किती उघडते, हवा तासाला किती वेळा बदलते, पल्ला काढल्यावर किती बदलेल, खर्च शून्य. सोबत मागच्या सहा महिन्यांत त्या वॉर्डात उशिरा सापडलेल्या टीबी रुग्णांची संख्या, नावाशिवाय. सिव्हिल सर्जनांनी त्याच दिवशी सही केली.

तुमच्या अर्जासाठी टेप, उदबत्तीचा पुडा आणि घड्याळ एवढं पुरेल. मोजणी रात्री करा, दारं-खिडक्या रुग्ण ठेवतात तशाच असताना. दिवसा साहेबांच्या राउंडआधी सगळं उघडलेलं असतं, तो आकडा खरा नसतो.